भावाने बनवलेला संच, जो मी घेतला नाही

मी, इटा लर्निहन, वय त्र्याहत्तर, अविवाहित, व्यवसायाने केस कापणारी आणि स्वभावाने इलन पाइप, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायचे नळ्यांचे वाद्य, वाजवणारी, राहणार क्लूनाहा, एनिस्टायमनजवळ, जिल्हा क्लेअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि देताना "तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं" असेही म्हणाले. तेवढे वाक्य दाखल्यात घालायला मात्र तयार झाले नाहीत. छाती ठिकाणावर नाही. भाता दाबला की धाप लागते, म्हणून हे काम आता उरकते आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणण्याइतकी जवळची माणसे फार उरली नाहीत, आणि जी आहेत त्यांना माझ्याकडून काही नको आहे.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझा धाकटा भाऊ फ्लॅनन याचे नाव कुठेच नव्हते. तेव्हा तो हयात होता, आणि माझ्या दारातून त्याच्या कारखान्याचे छप्पर दिसत होते. आता तो नाही, आणि या कागदात त्याच्याशिवाय दुसरे फारसे काही येणार नाही. याबद्दल वकीलबाईंनी मला सांभाळून घ्यावे. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था फ्लॅननची विधवा, माझी भावजय नुआला हिने पाहावी. आम्हा दोन्ही भावंडांना तिने जितके सोसले, तितके दुसऱ्या कोणी सोसले नसते.

कलम २. राहते घर वडिलांचे. ते नुआलाला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर तिची मुलगी, माझी भाची एमर हिला मिळावे. पुढच्या खोलीतले केस कापण्याचे दुकान, म्हणजे खुर्च्या, आरसे, कात्र्या, माझ्याकडे शिकलेल्या सोर्खाला द्यावे. डोक्यावर टोपासारखे बसणारे ते दोन जुने ड्रायर तिने खुशाल फेकून द्यावेत. माझ्यासमोर तिला ते जमले नसते. त्या ड्रायरखाली बसलेल्या बायकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला नेहमी पहिल्यांदा आणि मोठ्याने कळले.

कलम ३. शेजारी पॅकी गॅरिही याने माझी लांब शिडी नेली, ती परत आणली नाही. विचारले की म्हणतो, "अगं, तू आता कुठे चढणार आहेस?" ती शिडी मी त्याला देऊन टाकते. पण दिली म्हणून लिहून ठेवते, म्हणजे ती त्याची नव्हती हेही लिहिले जाईल.

कलम ४. वडिलांचा पाइपचा संच आता अस्तित्वात नाही. तो माळ्यावर होता, छप्पर गळले, लाकडाला कीड लागली आणि आईने त्याचे शेवटचे तुकडे चुलीत घातले. लोक विचारतात म्हणून हे कलम. वडील, मर्टी लर्निहन, उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली पिशवी आणि मांडीवर नळ्या घेऊन बसले की आम्ही दोघे त्यांच्या पायाशी बसायचो. मी त्यांची बोटे बघायचे. फ्लॅनन नळीची भोके बघायचा. मला वाजवायला आले, त्याला लाकूड कळले. वडील गेल्यावर त्याने सुतारकामाच्या दुकानात एक कोपरा अडवला आणि त्या किडक्या नळ्यांची मापे घेऊन तशाच नव्या बनवू लागला. आईला वाटले, मर्टी घरात परत आला.

कलम ५. डोनेगॉलच्या यूनन मॅकगॅरिगल यांनी बनवलेला माझा संच, पेटीसह, एनिस्टायमनच्या पाइप वाजवणाऱ्यांच्या मंडळाला द्यावा. अट एकच. तो कपाटात ठेवू नये. ज्याने चांगल्या कारागिराकडे नाव नोंदवले आहे आणि जो वर्षानुवर्षे आपल्या पाळीची वाट बघतो आहे, त्याला तो पाळी येईपर्यंत वाजवायला द्यावा. वाट बघण्यात माणसाचे हात म्हातारे होतात, हे मी पाहिले आहे.

हा संच माझ्याकडे कसा आला, ते गावाने आपापल्या परीने सांगितले आहे. आता मी सांगते.

१९७४ साल होते. तोवर मी उसन्या संचावर वाजवत होते. शरदात अमेरिकेला जाणाऱ्या वादकांच्या चमूत मला घेतले होते आणि मला माझा स्वतःचा, बाकी वाद्यांच्या पट्टीत बोलणारा संच हवा होता. फ्लॅननने मला न विचारता सगळा हिवाळा त्यावर घालवला. मार्चमध्ये आईच्या स्वयंपाकघरात त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला. नळीच्या चांदीच्या कडीवर माझी आद्याक्षरे कोरली होती. नुआला तेव्हा नवी नवरी होती, ती दाराशी उभी. शेजारी जमले होते.

खालच्या सप्तकात ती नळी असे बोलली की आईने हातातली किटली खाली ठेवली. असा खर्ज मी वडिलांकडेही ऐकला नव्हता. मग मी कोपर दाबून वर गेले. वर सूर नासला. दूध नासते तसा.

"कसा आहे?" फ्लॅननने विचारले.

"वरचा सूर उतरतोय, फ्लॅनन."

"नळीची पत्ती नवी आहे. बसेल."

"पत्तीचं नाही वाटत मला."

"मग तुझ्या कोपराचं असेल. दुसऱ्यांच्या संचावर वाजवून वाजवून सवय बिघडलीय तुझी."

आई मध्ये पडली. "अगं, पोराने रक्त आटवलंय. सूर काय, येईल हळूहळू. आपल्या घरातलं आहे ते."

"आई, ऐकणाऱ्याला ते आपल्या घरातलं आहे हे कसं कळणार?"

कोणी हसले नाही. मी विनोद केलाही नव्हता.

मी ती नळी घेऊन मॅकगॅरिगलांकडे गेले. चोरून गेले असे सांगणारे खोटे बोलतात. मी फ्लॅननला सांगून गेले. तो म्हणाला, "जा. बघू तो म्हातारा काय दिवे लावतो ते."

इथे एमरसाठी थोडे लिहिते, कारण तिने मागच्या महिन्यात मला विचारले, "आत्या, कारागीर निवडायचा कसा?" लोक लाकूड बघतात, चांदी बघतात, कारागिराचे नाव बघतात. तू त्याने पूर्वी बनवलेले संच दुसऱ्यांच्या हातात ऐक. नवे नको, जुने ऐक. लाकूड वाळून मुरल्यावर नळी खरे बोलते. त्याच्या कारखान्यात बस आणि बघ, तो तुला वाजवायला सांगतो की स्वतःच वाजवून दाखवतो. पत्त्या स्वतः तासतो का विचार. बिघडल्यावर परत घेतो का विचार. आणि तुझ्या तोंडावर "हे अजून झालं नाही" असे म्हणू शकतो का ते बघ. बाकी सगळे त्यात येते.

मॅकगॅरिगलांचा कारखाना समुद्रकाठी होता. माणूस काटकुळा, कमी बोलणारा. त्यांनी मला चहा दिला, फ्लॅननची नळी आपल्या पिशवीला जोडली आणि बराच वेळ वाजवत राहिले. माझा चहा गार झाला.

"कोणी बनवली?"

"माझ्या भावाने."

"मग इथे कशाला आलीस?"

"ते तुम्हीच सांगा."

त्यांनी नळी फडक्यावर ठेवली. हळूच ठेवली, हे मला अजून दिसते. "हा खालचा सूर मला आयुष्यात काढता आलेला नाही. हा पोरगा दोन-तीन वर्षांत मला मागे टाकेल. पण वरचा सूर अजून नाही झाला. तुला कधी हवाय?"

"शरदात."

 मग त्यांनी कपाटातून एक तयार संच काढला. ज्याच्यासाठी बनवला होता तो माणूस वारला होता. मी तो वाजवला. खाली फ्लॅननइतका खोल नव्हता, पण वर गेले आणि मला रडू आले, कारण तो खरा होता आणि आता मला घरी जाऊन हे सांगायचे होते.

फ्लॅनन रंधा मारत होता. मी त्याची नळी टेबलावर ठेवली आणि मॅकगॅरिगल जे बोलले ते शब्दन् शब्द सांगितले.

"तो म्हणाला, तू त्याला मागे टाकशील. ऐकतोयस ना? फक्त वेळ दे म्हणाला."

"आणि तू त्याचा संच घेऊन आलीस."

"मला शरदात वाजवायचंय, फ्लॅनन."

"वाजव की. मी कुठे अडवलंय?" त्याने रंधा थांबवला नाही. "त्या म्हाताऱ्याला कळव, शांतपणे झोप म्हणावं. मी शर्यतीत नाही."

त्यानंतर त्याने पाइपचा एकही संच बनवला नाही. ज्यांनी त्याच्याकडे संच सांगितले होते त्यांनी मागे घेतले. "सख्ख्या बहिणीने घेतला नाही, मग आपण कशाला?" हे वाक्य मी माझ्याच दुकानात, ड्रायरखालून, मोठ्याने ऐकले. फ्लॅननने खिडक्या बनवल्या, जिने बनवले, शवपेट्या बनवल्या. आईची शवपेटीही त्यानेच बनवली. तिच्या दफनाच्या दिवशी आम्ही खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला.

मी चुकले असे मी या कागदावर लिहिणार नाही. सूर नासका होता. पण क्लेअरमधला सगळ्यात मोठा कारागीर खिडक्या बनवत म्हातारा झाला, आणि त्या खिडक्यांतून मी रोज बाहेर बघते. त्याच्या खिडक्या वारा येऊ देत नाहीत.

कलम ६. ड्रेसिंग टेबलाच्या खणात काड्यापेट्या आहेत, त्या रिकाम्या समजून कोणी टाकू नयेत. त्यांत पत्त्या आहेत. नळीच्या तोंडाशी बसते ती वेताची दुपदरी पत्ती. तीच सूर काढते आणि तीच आधी मरते. मॅकगॅरिगल होते तोवर ते मला पत्त्या पाठवत. ते गेल्यावर मी इकडून तिकडून आणलेल्या पत्त्यांवर वाजवू लागले. एका हिवाळ्यात मी लग्नांत वाजवायला जाणेच बंद केले.

तेव्हा नुआला केस कापून घ्यायला आली आणि म्हणाली, "तुझी जुनी मेलेली पत्ती टाकणार असशील तर मला दे."

"तुला कशाला?"

"कशाला म्हणजे? असू दे."

पुढच्या वेळी तिने आरशापुढे काड्यापेटी ठेवली. "हे बघ इटा, हे त्याने दिलंय असं मी म्हटलेलं नाही."

"कोणी?"

"तेच म्हणतेय मी. कोणी नाही."

ती पत्ती मी मॅकगॅरिगलांच्या नळीला लावली. त्या संचाने माझ्याकडे आल्यापासून कधी काढला नव्हता असा आवाज काढला. त्या नळीचा आतला आकार फ्लॅननने एका मेलेल्या पत्तीवरून ओळखला होता. ज्या संचामुळे त्याचे काम थांबले, त्याच संचाला तो मरेपर्यंत आवाज देत राहिला. मी आभाराचा निरोप पाठवायचे. नुआला म्हणायची, "कोणाला सांगू?"

एका उन्हाळ्यात मी दार उघडे टाकून वाजवत होते. कुंपणापलीकडे त्याची टोपी दिसली. मी थांबले नाही. थांबले असते तर तो गेला असता. मी जितक्या धुना येतात तितक्या वाजवल्या, बोटे सुजली, आणि शेवटी भाता सोडला तेव्हा तो गेलेला होता.

या पत्त्या मॅकगॅरिगलांच्या संचाबरोबर मंडळाला द्याव्यात. त्या कोणी बनवल्या असे कोणी विचारले तर नाव सांगावे.

कलम ७. फ्लॅनन लर्निहन याने बनवलेला, माझी आद्याक्षरे असलेला संच एमरला द्यावा.

हा संच माझ्या घरी आला तो दोन वर्षांपूर्वी. फ्लॅननला आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. नुआला माझ्या दुकानात आली, खुर्चीवर बसली नाही. "तो विचारतोय, तू दुपारी मोकळी आहेस का." मी एका बाईचे अर्धे केस तसेच सोडून निघाले. त्या बाईने आजवर मला माफ केलेले नाही, आणि तिचे बरोबर आहे.

तो खिडकीपाशी पलंगावर होता. इतका लहान झाला होता की मला आमच्या लहानपणीचा वाटला. पायाशी ती पेटी होती.

"म्हातारी झालीस गं," तो म्हणाला.

"तू आरसा बघितलायस का?"

"नुआलाने काढून टाकलाय." मग पेटीकडे बोट केले. "वाजव."

मी संच जोडला. पिशवीचे चामडे मऊ होते. इतक्या वर्षांचे चामडे कडक व्हायला हवे होते. कोणीतरी त्याला तेल लावत आले होते. पत्तीही ताजी होती. मी वाजवले. तो खर्ज आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितले नाही. मग मी वर गेले.

थांबले तेव्हा तो म्हणाला, "आता सांग."

नुआला माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होते ते मला कळत होते. मरणाऱ्या माणसाला एक शब्द द्यायला काय जाते? पण ज्याने असा खर्ज काढला त्याला मी खोटे सांगणार नव्हते.

"वरचा सूर नासका आहे, फ्लॅनन."

तो हसला. हसता हसता खोकला आला, नुआलाने पाणी दिले. "माहितीये," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहिती होतं. तुझ्या मांडीवर ठेवायच्या आधीच."

"मग का ठेवलास?"

"मला वाटलं, तू माझी बहीण आहेस. खोटं बोलशील."

 त्यानेच पुढे सांगितले. नळीच्या आतला गळा अरुंद राहिला होता. तो आतून थोडा तासायचा होता. हे त्याला त्याच वसंतात उमगले होते.

"मग तासला का नाहीस?"

"तासला की पुन्हा भरता येत नाही. वाजवणाऱ्याचा दाब बघत बघत, थोडं थोडं तासावं लागतं. वाजवणारा समोर लागतो." त्याने हात वर करून दाखवला, तो थरथरत होता. "आणि आता तू आलीस."

मी म्हणाले, हत्यार मी धरते, तू सांग. तो म्हणाला, राहू दे. मग म्हणाला, "घेऊन जा. तुझ्या नावाचं सामान माझ्या घरात किती दिवस ठेवू?"

मी रोज जात राहिले. आम्ही वडिलांबद्दल बोललो, आईबद्दल, पॅकीच्या शिडीबद्दल. त्या मार्चबद्दल पुन्हा बोललो नाही. फार दिवस मिळाले नाहीत.

त्याच्या दफनाला मी वाजवावे असे नुआला म्हणाली. चर्च भरले होते आणि सगळ्यांचे डोळे मी कोणती पेटी आणते यावर होते. मी फ्लॅननची आणली. एकदाही वर न जाणारी धून शोधायला मला आदल्या दिवशीची सगळी सकाळ लागली. अशा धुना थोड्या आहेत. एक सापडली, संथ, वडिलांची, पहिल्यापासून शेवटपर्यंत खालीच राहणारी. ती मी वाजवली. त्या खर्जाने चर्चची बाके थरथरली. बाहेर एक म्हातारा वादक माझा हात धरून म्हणाला, "असला संच बनवणारा माणूस आपल्यात होता आणि आपण त्याच्याकडून दारं बनवून घेतली."

मी त्यात एक सूरही खोटा वाजवला नाही. आणि फ्लॅननने ते ऐकले नाही.

कलम ८. बाकी जे काही राहील, भांडी, कोंबड्या, बँकेतली शिल्लक, ते नुआलाचे. मला आईवडिलांच्या कबरीत ठेवावे. फ्लॅनन नुआलाच्या माहेरच्यांच्या कबरीत आहे, तिथे मला जागा मागू नये. नुआलाची जागा तिथे आहे. माझ्या दफनाला ज्याला जे वाजवायचे ते वाजवू द्यावे. वाईट वाजवले तरी त्या दिवशी मी काही बोलणार नाही.

कलम ९, एमरसाठी. तुझ्या बापाची अवजारे तुझ्याकडे आहेतच. गळा तासायचे त्याचे हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले आहे. तू वाजवतेस आणि लाकूडही तुला कळते. आमच्या घरात ही दोन्ही एका माणसात पहिल्यांदाच आली आहेत. ही नळी काचेच्या कपाटात ठेवू नकोस. लोक म्हणतील, बापाची आठवण आहे, हात लावू नकोस. त्यांना चहा दे आणि वाटेला लाव. तासायची असेल तर तास. माझ्या दाबावर तासायचे दिवस गेले, तुझ्या दाबावर तास. बिघडली तर बिघडली.

आणि ती नीट बोलली नाही, किंवा तुला हात लावावासा वाटला नाही, तर दुसऱ्या कोणाकडे नाव नोंदव. तो कुठला आहे, कोणाचा आहे, बघू नकोस. त्याचे काम ऐक आणि तुला जे ऐकू येते ते त्याच्या तोंडावर सांग. मग मात्र त्याच्या दारातून लगेच निघू नकोस. थांब. तो रंधा मारत राहील, तुझ्याकडे बघणार नाही, जा म्हणेल. तरी तिथेच बस.

वरील सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही करत आहे. नुआला आणि एमर यांना यात काही मिळत असल्याने त्या साक्षीदार होऊ शकत नाहीत, असे वकीलबाईंनी सांगितले. त्या दोघी बाहेर गाडीत बसल्या आहेत.

सही: इटा लर्निहन

आम्हा दोघांच्या देखत इटा लर्निहन यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:

१. पॅट्रिक (पॅकी) गॅरिही, शेतकरी, क्लूनाहा
(कलम ३ वाचले. साक्षीदाराला काही घेता येत नाही म्हणतात. शिडी उद्या परत आणून देतो. — पॅ. गॅ.)

२. डीर्द्रे हॅनराहन, वकिलांच्या कचेरीतील लेखनिक, एनिस्टायमन

ठिकाण: एनिस्टायमन, जिल्हा क्लेअर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१८